डोंगरावरचं बेणं

मिन नदीचे पाट जिथे सपाटीवर मोकळे होतात तिथल्या श्वांगहे गावात क्वांगांच्या सुनेचं डोकं दुखायचं. दुसऱ्या एखाद्या गावात ही गोष्ट कुणी कुणाला सांगितलीही नसती. पण श्वांगहेत घरटी श्योंग पिकायचा. डोकं ठणकायला लागलं की निम्मा देश ज्या कंदाचा काढा पितो, तो इथल्या काळ्या मातीत वाढायचा आणि इथल्याच भट्ट्यांवर वाळून पोत्यांत भरला जायचा. अशा गावात ऐन सुगीत एक तरुण बाई कपाळाला फडकं आवळून भिंतीकडे तोंड करून पडते, म्हणजे हलवायाच्या घरच्या सुनेनं साखर कडू लागते म्हणून रडण्यातलीच गत.

तिचं नाव सूछिंग. माहेर खाली दक्षिणेला, मिठाच्या विहिरींच्या गावातलं. ती लग्न होऊन आली तेव्हा शरद लागला होता. वावरात कोथिंबिरीसारख्या पानांची हिरवी झुडपं वीतभर वाढली होती आणि पानं चुरडली की ओव्याच्या जवळचा वास यायचा. तो वास तिला आवडला होता. माहेरी पाठवलेल्या निरोपात तिनं तसं सांगितलंही.

पुढल्या उन्हाळ्यात गव्हाची कापणी उरकली आणि श्योंगचे गड्डे निघायला लागले. सगळं गाव वावरात. गड्डा उपटायचा, माती झटकायची, दिवसभर उन्हात टाकायचा आणि मग अंगणातल्या भट्टीवर बांबूच्या ताट्या मांडून मंद आचेवर वाळवत ठेवायचा. आच वाढली तर आतलं तेल उडून जातं, कमी झाली तर बुरशी धरते. म्हणून घरातली एक बाई सतत भट्टीशी. क्वांगांच्या घरी ते काम नव्या सुनेकडे आलं. दोन दिवस तिनं ते नीट केलं. तिसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याच्या मागे कुणी खिळा ठोकतंय असं तिला वाटलं, आणि संध्याकाळपर्यंत तिला उजेडही सोसेना. धुराला जड, तेलकट, गोडसर उग्र वास असायचा. गावातल्या माणसांना तो वास यायचाही नाही इतका तो अंगात मुरलेला. सूछिंगला मात्र तो आला की पोटातलं सगळं वर यायचं.

सासूचं नाव रुईफांग. नवरा गेल्यापासून घर, वावर, भट्टी, व्यापारी, सगळं तिच्याच हातात होतं, आणि हात खंबीर होता. तिनं आधी सुनेला श्योंगचीच भुकटी चहातून दिली. गावात तीच रीत होती. दुखणं दुप्पट झालं. मग पुलाजवळच्या वेन वैद्यांना बोलावलं. वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, कुठली बाजू दुखते ते विचारलं आणि भुकटी बंद करायला सांगितली. श्योंग वर चढणारा आहे, ते म्हणाले. थंड वारा बाधून डोकं बंद झालं असेल तर तो ते उघडतो. हिच्या अंगात आधीच कोरडी आग आहे आणि ती वर धावतेय, त्यात श्योंग म्हणजे आगीत तेल. त्यांनी वाळवलेली शेवंतीची फुलं दिली आणि थ्येनमा दिला. हाही कंदच, पण उंच डोंगरातला, पान नाही की मूळ नाही, नुसता बटाट्यासारखा जमिनीत पडून राहणारा. त्याच्या चकत्या उकळून प्यायल्यावर सूछिंगला पेज पचायला लागली. पण अंगणात भट्टी होती तोवर दुखणं पुरतं जाईना.

"मी वरून पाणी ओततो आणि तुम्ही खालून जाळ घालता," वैद्य रुईफांगला म्हणाले. "पुढच्या सुगीत हिला माहेरी धाडा."

"सुगीत माहेरी धाडायची तर सून केली कशाला?" रुईफांग म्हणाली. "तुमच्या औषधासाठी?"

सूछिंगचा नवरा देशुन हे ऐकत दारात उभा होता. तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, आणि बिघाड सापडेपर्यंत तोंड उघडायचं नाही ही त्याची सवय घरातही होती. पुढच्या वर्षी त्यानं भट्टी अंगणाच्या पार टोकाला नेली आणि मध्ये विटांची भिंत घातली. पण वारा काही भिंतीला विचारून वाहत नव्हता, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भट्ट्या होत्याच.

अशी काही वर्षं गेली. मिनमिन नावाची मुलगी झाली. ती सासूच्या कडेवर वाढली, कारण सुगीत आई अंधाऱ्या खोलीत आणि सुगी सरल्यावर आई वावरात. गावात बोलणी सुरू झाली होती. दळणाच्या गिरणीत बायका म्हणायच्या, क्वांगांची सून नाजूक आहे हो, तिचं डोकं राजवाड्यातलं आहे, आपली नुसती मडकी. सूछिंग हे ऐकायची आणि पीठ घेऊन घरी यायची. बाकीच्या अकरा महिन्यांत ती कुणाहून कमी काम करत नव्हती, पण लोकांच्या नजरेत भरायची ती सुगीच.

मग एका सुगीत व्यापारी आला. दरवर्षीचाच माणूस, जाडा, हसतमुख. तो ताटीवरचे गड्डे फोडून आतला पिवळा रंग बघत होता, आणि त्याच वेळी सूछिंग ओकारीसाठी मागच्या दारानं बाहेर धावली, कपाळाला फडकं, चेहरा राखेसारखा. व्यापाऱ्यानं विचारलं, हिला काय झालं. शेजारच्या कुणीतरी सांगून टाकलं की डोकं दुखतं, दरवर्षी दुखतं.

व्यापारी पोट धरून हसला. "मावशी, तुमच्या घरचं औषध तुमच्याच सुनेला लागू पडत नाही, ते मी शांघायवाल्यांना काय सांगून विकू?"

त्याला कुणाला टोचायचं नव्हतं. त्यानं मालही घेतला. पण ती थट्टा त्याच्याबरोबर घरोघर फिरली, आणि सुगी संपेपर्यंत गावातल्या पोरांनीही ती पाठ केली. त्या वर्षीपासून व्यापारी यायच्या दिवशी सूछिंगच्या खोलीला बाहेरून कडी लागायला लागली.

श्योंगला बी धरत नाही. त्याचं बेणं करावं लागतं, आणि सपाटीवरचं बेणं सपाटीवर चालत नाही, दोन-तीन पिकांत त्याचा कस जातो आणि कंद सडतात. म्हणून हिवाळ्याच्या भरात सपाटीवरचे कोवळे गड्डे उपटून पश्चिमेच्या डोंगरात नेतात, तिथल्या थंडीत लावतात. उन्हाळा सरता सरता त्यांचे दांडे कापायचे. दांड्याला उसासारखी फुगीर पेरं असतात, तेच बेणं. ते खाली आणून लावायचं. श्वांगहेची बरीच घरं हे काम डोंगरातल्या लेई म्हाताऱ्याकडून करवून घ्यायची. त्या हिवाळ्यात लेईचा निरोप आला की गुडघे गेले, मुलगा छंगदू शहरात, सून छंगदूत, कुणीतरी माणूस मदतीला दिलात तर लावतो, नाहीतर तुमचं तुम्ही बघा.

डोंगरात अर्धं वर्ष राहायला गावातलं कुणी तयार होईना. बैठकीत सगळे छताकडे बघत होते. रुईफांग म्हणाली, आमची सूछिंग जाईल.

घरी आल्यावर देशुन पहिल्यांदा आईसमोर जरा मोठ्यानं बोलला. पोर लहान आहे, तो म्हणाला. रुईफांगनं उत्तर दिलं की पोर माझ्याजवळ झोपते, आईजवळ नाही, आणि सुगीत इथं पडून राहण्यापेक्षा तिथं चार गड्डे लावले तर घराला उपयोग तरी होईल. सूछिंग चुलीशी भाजी परतत होती. तिनं विस्तवावरून कढई उतरवली, भाजी ताटात काढली आणि कपडे भरायला गेली.

मुलगी आजीच्या मांडीवर निजलेली असताना ती निघाली. पाठीवर करंडीत कोवळे गड्डे, दुसऱ्या करंडीत तांदूळ, मिरचीची चटणी आणि लोणचं. देशुन अर्ध्या वाटेपर्यंत आला.

लेई म्हाताऱ्याचं घर ढगांच्या पट्ट्यात होतं. भिंती दगडाच्या, छताला धुरानं काळे झालेले डुकराच्या मांसाचे फरे टांगलेले. म्हातारा तिरकस होता. तिला बघून म्हणाला, "मी बैल मागवला होता, यांनी शेळी धाडली." मग त्यानं तिला भाजलेले बटाटे दिले आणि कुठल्या कोपऱ्यात वारा लागत नाही ते दाखवलं.

पहिल्या महिन्यात तिचे हात फुटले. जमीन टणक, वर बर्फाचा पापुद्रा. खड्डे घ्यायचे, गड्डा डोळा वर करून बसवायचा, वर राख आणि कुजलेलं शेण. वसंतात कोंब आले की कमजोर काढून टाकायचे, उरलेल्यांना बांबूच्या काड्या लावायच्या म्हणजे वाऱ्यानं दांडा लोळत नाही. लेई बांधावर बसून सांगायचा आणि ती करायची. तिचं काही चुकलं की तो सपाटीवरच्या लोकांना शिव्या द्यायचा, तिला नाही. रात्री विस्तवाशी दोघं मक्याची पेज प्यायची. बोलणं फार नसायचं. बायको गेल्यापासून घरात दुसऱ्या माणसाचा खोकला ऐकला नव्हता, एवढंच तो एकदा म्हणाला.

गव्हाची कापणी झाली असेल असे दिवस आले. सूछिंग सवयीनं वाट बघत राहिली, सकाळी उठल्यावर डोळ्यामागे हात लावून बघायची. काही नव्हतं. एकदा खालून वर येणाऱ्या वाऱ्यात तिला तो वास आल्यासारखा वाटला आणि ती शेतातच बसली. पण वारा फिरला आणि वास गेला. त्या वर्षी सुगी आली आणि सरली, आणि तिचं डोकं दुखलं नाही. तिला त्याचा आनंद झाला का, हे तिलाच सांगता आलं नसतं. मुलगी बोबडं बोलायची थांबली असेल, हा विचार तिच्या मनात जास्त वेळा यायचा.

दांडे कापले. जुड्या बांधून डोंगरातल्या गार गुहेत गवताच्या थरावर ठेवल्या, दर काही दिवसांनी उलटल्या. मग एकेक पेर राखून तुकडे केले. बेणं घेऊन ती श्वांगहेत उतरली तेव्हा मिनमिन दारात खेळत होती. ती आजीच्या पाठीआड झाली आणि तिनं आजीला विचारलं, "कोण आलंय?"

रुईफांगनं सांगितलं, आई आलीय. मुलीनं पाहिलं आणि पुन्हा खेळायला गेली.

लावणी झाली. गावात आता निराळी बोलणी होती. क्वांगांच्या म्हातारीनं सुनेला हाकलून दिलं, डोकं दुखतं म्हणून डोंगरात टाकून आली, असं लोक म्हणायला लागले होते. आधी सुनेला हसणारेच आता सासूला हसत होते. रुईफांगला हे पहिल्याहून जास्त झोंबलं. हिवाळ्यात लेईचा निरोप पुन्हा आला तेव्हा तिनं नाही म्हणून सांगितलं. शेजारचे लोक आता आपल्याच वावरातले दांडे राखून बेणं करत होते, कष्ट वाचत होते. आपणही तसंच करू, ती म्हणाली. सूछिंगनं एकदाच सांगून पाहिलं की लेई म्हातारा म्हणतो, खालचं बेणं वरून बरं दिसतं पण आतून पोकळ असतं.

"लेई म्हातारा बेणं विकतो," रुईफांग म्हणाली. "तो दुसरं काय म्हणेल?"

त्या सुगीत क्वांगांचं पीक गावात उठून दिसलं. सूछिंगनं आदल्या वर्षी आणलेल्या डोंगरातल्या बेण्याचे गड्डे मुठीएवढे, जड, फोडले तर आत तेलाचे ठिपके. व्यापाऱ्यानं थट्टा केली नाही. सूछिंग आतल्या खोलीत ओल्या फडक्याखाली होती, शेवंतीचं पाणी उशाशी. तिला बाहेरून मोठ्या आवाजातलं कौतुक ऐकू येत होतं आणि एकेक शब्द कवटीत आपटत होता.

शरदात सपाटीवरच्या बेण्याची रोपं पिवळी पडायला लागली. आधी पाणी जास्त झालं असेल असं वाटलं, मग कमी. देशुननं एक झुडूप उपटलं तर खाली गड्डा नव्हताच, तपकिरी चिखल होता आणि त्याला मेलेल्या उंदरासारखा वास. एका वावरातून दुसऱ्यात, बांध ओलांडून सड गावभर गेली. ज्या दोन-तीन घरांनी लेईनं एकट्यानं रेटून केलेलं थोडंबहुत बेणं आणलं होतं त्यांचीच वावरं हिरवी राहिली. वेन वैद्यांनीही येऊन पाहिलं, पण जमिनीत सडणाऱ्या कंदावर त्यांच्याकडे औषध नव्हतं.

आता सगळ्यांना डोंगर आठवला. गावातली दोन माणसं वर जाऊन आली. लेईच्या घराला कुलूप होतं. मुलगा येऊन त्याला छंगदूला घेऊन गेला होता. वरच्या वस्तीत बेणं करणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. तरुण शहरात, म्हातारे मक्यापुरते. पुन्हा बैठक झाली आणि या वेळी कुणी छताकडे बघत नव्हतं. सगळे रुईफांगकडे बघत होते.

ती घरी आली तेव्हा सूछिंग मुळ्याचं लोणचं बरणीत दाबत होती. रुईफांग बाकावर बसली. बराच वेळ तिनं बुटांना लागलेला चिखल काडीनं काढला.

"हिरव्या वावरांतले गड्डे आपल्याला द्यायला तयार आहेत ते," ती शेवटी म्हणाली. "लेईच्या घराची किल्ली वरच्या वस्तीत ठेवलीय म्हणे. मी सांगून आले की सूछिंगला धाडते."

सूछिंगनं बरणीवर दगड ठेवला. "धाडलेली मी जाणार नाही, आई."

"म्हणजे?"

"मी जाते. पण मला धाडलं असं कुणाला सांगायचं नाही. आणि मिनमिन माझ्याबरोबर येईल."

"पोरीला त्या थंडीत?"

"तिथली पोरं थंडीतच वाढतात."

रुईफांग म्हणाली की पोर माझ्याशिवाय झोपणार नाही. सूछिंग म्हणाली, पहिले काही दिवस रडेल. देशुन दारात उभा होता. तो म्हणाला की मीही जातो, लेईच्या घराचं छत गळतं, ते नीट करायला माणूस लागेल. भट्टीच्या वेळेला खाली उतरेन. कुणी विचारलं नसताना त्यानं बोललेलं ते त्या वर्षातलं सगळ्यात लांब वाक्य होतं. रुईफांगनं त्याच्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि उठून पोरीचे जाड कपडे काढायला आत गेली. काढता काढता कुठला सदरा आखूड झालाय ते मोठ्यानं सांगत राहिली.

मिनमिन खरंच रडली, काही दिवस नाही, चांगला महिनाभर. आजी हवी म्हणून जेवायची नाही. सूछिंगला तिला कसं समजवावं ते कळायचं नाही, कारण आपलीच मुलगी असून तिच्या सवयी तिला ठाऊक नव्हत्या. कानाच्या पाळीशी बोट फिरवलं की ती झोपते, हे तिला देशुननं सांगितलं. मग बर्फ वितळलं, कोंब वर आले, आणि काड्या रोवायच्या कामात मुलगी आईच्या मागे मागे फिरायला लागली. छत देशुननं नीट केलं. छंगदूहून लेईचा निरोप आला, त्यात फक्त शिव्या होत्या, गुहेतलं गवत यंदा तरी बदला म्हणून.

दांडे कापायच्या दिवसांत रुईफांग स्वतः वर आली. एवढ्या वयात ती कधी डोंगर चढली नव्हती. आल्या आल्या तिनं वाटेला नावं ठेवली, चहाला नावं ठेवली, बटाट्यांना ठेवली. नातीनं पळत येऊन तिच्या कमरेला मिठी मारली तेव्हा मात्र तिनं पोरीच्या कानाच्या पाळीशी बोट फिरवलं. मग ती गुहेत गेली, जुडीतून एक दांडा ओढून काढला आणि अंगठ्यानं एकेक पेर दाबून पाहिलं. सगळी घट्ट होती. तिनं दांडा होता तसा परत खोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूछिंग बेणं कापायला बसली तर सासू तिच्या आधीच कोयता घेऊन बसलेली. दोघी कापत होत्या. खाली दरीत ढग होते आणि त्यांच्याखाली कुठंतरी श्वांगहे.

"लावणीला खाली येशील ना?" रुईफांगनं विचारलं.

"येईन. हिवाळ्यापर्यंत राहीन."

"आणि सुगीत?"

"सुगीत मी नसेन, आई. कधीच."

रुईफांगनं आणखी काही पेरं कापली. "मग भट्टीवर बाई ठेवावी लागेल मला."

"ठेवा."

"पुलापलीकडची ती ठेवते. दणकट आहे. बडबड करते, पण दणकट आहे."

तशी ती बाई ठेवली गेली. पुढल्या वर्षांत श्वांगहेच्या निम्म्या वावरांत सूछिंगचं बेणं गेलं, आणि वरच्या वस्तीतली दोन कुटुंबं तिच्याकडून शिकून पुन्हा त्या कामाला लागली. मिनमिन शाळेच्या वयाची झाल्यावर खाली आजीकडे राहायला गेली; तेव्हा रडली सूछिंग. डोकं तिचं पुढेही अधूनमधून दुखायचं, ऋतू पालटताना, सगळ्यांचं दुखतं तसं. मग ती थ्येनमाच्या चकत्या उकळायची, कपभर पिऊन दगडी भिंतीशी आडवी व्हायची आणि दुपारपर्यंत उठून कामाला लागायची.